पाचवा महिना लागला, पाणी तोडू नका

चौथा महिना सरला की बहुतेक जणींच्या ओकाऱ्या थांबतात, जेवण गोड लागते. पाचव्यात बाळ फिरलेले कळते. पहिलटकरणीला जरा उशिरा. याच दिवसांत कंबर धरते, उठताना ओटीपोटात कळ येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. वाढत्या पोटाबरोबर हे येतेच.

आम्हाला काळजी आहे ती दुसरीच. वस्तीतले शौचालय लांब, रात्री तिथे दिवा नाही, म्हणून आपल्या लेकी-सुना संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, लघवी धरून ठेवतात. गरोदरपणात लघवीचा मार्ग सैलावतो, लघवी साचते आणि जंतू लवकर वाढतात. दुखणे मूत्रपिंडापर्यंत गेले तर दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. म्हणून दिवसभर पाणी प्या. रात्री नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सोबत जावे; यात लाजायचे काय? लघवीला जळजळ झाली, थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी आशाताईंना सांगून दवाखाना गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, खडाही धरतो. तरी गोळी सोडू नका. फक्त चहासोबत घेऊ नका.

संध्याकाळी पाय थोडे सुजणे चालते. पण तोंड-हात सुजले, डोके ठणकले, अंधुक दिसू लागले, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. अंगावरून रक्त गेले तरीही सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.