चुलीवरचं ज्ञान, विद्यापीठातला विषय

सख्यांनो, जून महिन्यात पनवेलच्या बाजारात ठाकूर, कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात. शेवळांच्या वाट्यासोबत काकडंही ठेवलेली असतात. इमारतीत नव्याने राहायला आलेली ताई विचारते, "ही फळं कशाला?" विकणारी सांगते, "ही घातली नाहीत तर घसा खाजेल."

या एका वाक्यात केवढं ज्ञान आहे बघा! शेवळात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आंबट-तुरट काकडं घालून नीट शिजवलं की खाज कमी होते. स्फटिक हा शब्द आपल्या आज्यांना माहीत नव्हता, पण उपाय माहीत होता. अशा ज्ञानाचा आज विद्यापीठात अभ्यास होतो, त्यात पदवी मिळते. ती कशी, आणि त्याचा आपल्या गटाशी काय संबंध, ते या लेखात पाहू.

फक्त अन्न शिकवणारं विद्यापीठ

इटली देशात पोलेंझो नावाचं छोटं गाव आहे. तिथे २००४ साली अन्नविषयाचं स्वतंत्र विद्यापीठ सुरू झालं. कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या 'स्लो फूड' चळवळीने ते उभं केलं. चळवळीचं म्हणणं साधं आहे : अन्न चांगलं असावं, स्वच्छ असावं आणि पिकवणाऱ्याला रास्त मोबदला देणारं असावं.

तुम्हाला वाटेल, म्हणजे स्वयंपाकाचा क्लास. तसं नाही. आचारी घडवणं हा या अभ्यासाचा हेतू नाही. तिथे वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय असतात. चव कशी ओळखायची हेही शिकवतात. विद्यार्थी वर्गात बसतात, तसेच शेतकरी, मच्छीमार, चीज बनवणारे यांच्याकडे जाऊन शिकतात. म्हणजे पदवी घेणारी मुलं शेवटी आपल्यासारख्यांच्याच अंगणात येऊन बसतात.

एक पोपटी, किती विषय!

हा अभ्यास कसा करतात, ते आपल्या पोपटीवरून समजून घेऊ.

पहिला प्रश्न : पोपटी थंडीतच का? भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. शेंगा भरतात त्याच दिवसांत भांबुर्डाही हाताशी असतो. हा झाला शेतीचा आणि निसर्गाचा अभ्यास.

दुसरा प्रश्न : मडक्यात थेंबभर पाणी न घालता शेंगा शिजतात कशा? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, कोणी मसाला लावलेलं कोंबडं घालतं. पाल्यानेच तोंड बंद करून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाल्यातलं आणि शेंगांतलं पाणी वाफ होऊन आतच कोंडतं. पाल्याचा वास शेंगांत उतरतो. हे झालं विज्ञान.

तिसरा प्रश्न : पोपटीला कोण कोण जमतं? जाळ कोण सांभाळतं? शेंगा कोण खुडतं? हा झाला समाजाचा अभ्यास.

चौथा प्रश्न पैशाचा. आता शनिवार-रविवारी फार्महाऊसवर पोपटी पार्टी होते, मुंबईची माणसं पैसे देऊन खातात. त्यातले किती पैसे वाल पिकवणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतात? विद्यापीठ हा प्रश्न विचारायला शिकवतं. आपणही विचारायला हवा.

नोंद नसेल तर नावही नसेल

१ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली आणि २९ गावं तिच्यात गेली. विमानतळासाठी दहा गावांच्या वस्त्या हलल्या. शेत गेलं की भात जातो, भातामागून येणारा वाल जातो, बांधावरचा भांबुर्डा जातो. मग पोपटी कशी करायची हे सुनेला, नातीला दाखवायला जागाच उरत नाही. दोन पिढ्यांत ते ज्ञान पुसलं जातं, किंवा दुसरंच कोणी आपल्या नावाने विकतं.

नोंदीचा उपयोग कसा होतो, याचं उदाहरण शेजारीच आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं मानांकन मागताना हा माल आमच्याच भागातला, पूर्वीपासूनचा, याचा पुरावा द्यावा लागतो. "आमच्या आजीपासून करतो" हे तोंडी सांगणं पुरत नाही.

आणि कमी शिक्षण हा यात अडथळा नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणं जपलं, बायकांना जोडलं. त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या मुलींनी कुठे शिकायचं?

इटलीचा खर्च आपल्याला झेपणारा नाही. पण जवळही वाटा आहेत. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठात, जुहूच्या आवारात, गृहविज्ञान आणि अन्न-पोषण हे विषय शिकवतात. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. काढणीनंतर माल टिकवणं आणि त्यावर प्रक्रिया करणं, हे पदवीनंतर शिकवणारी त्यांची संस्था रोह्याजवळ किल्ला इथे आहे. पनवेलला त्यांचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' हे भाताचे वाण तिथलेच. अन्नाचा इतिहास शोधायची आवड असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. त्यांनी शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणे ओळखले. त्यात गहू, जव, मसूर आणि आपला कुळीथही होता.

प्रवेशाच्या अटी, फी आणि शिष्यवृत्ती दर वर्षी बदलतात. त्या त्या कॉलेजात जाऊन विचारावं, ऐकीव माहितीवर पैसे भरू नयेत.

गटाने आता काय करायचं?

विद्यापीठात जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण अभ्यासाची पहिली पायरी गटातच चढता येते. बचतीच्या वहीसारखी एक 'अन्नाची वही' करा. प्रत्येक पदार्थाला किंवा रानभाजीला एक पान द्या. त्यात एवढं लिहा :

- आपल्या बोलीतलं नाव
- कोणत्या महिन्यात, कुठे मिळतं
- निवडणं, भिजवणं, शिजवणं. उदाहरणार्थ, कडवे वाल भिजवून, मोड आणून सोलायचे, म्हणजे कडवटपणा कमी होतो.
- काय घातलं नाही किंवा चुकलं तर त्रास होतो
- कोणाकडून शिकलो, आणि ते नाव लिहायला त्यांची परवानगी आहे का

ज्या आजींना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, बारावीतल्या मुलीने लिहावं. दोघी शिकतील. रानभाजी मात्र जाणत्या बाईने झाड दाखवल्याशिवाय वहीतलं वाचून तोडू नये. सारखी दिसणारी दोन झाडं असतात, आणि त्यातलं एक विषारी असू शकतं.

वही भरली की ग्रामपंचायतीत जा. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते आणि तिने गावकऱ्यांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ज्येष्ठ शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी अशा नोंदवह्यांचा पाया घातला. तुमच्या गावची नोंदवही दाखवा म्हणा. त्यात रानभाज्या, गावठी वाण, बायकांची माहिती आहे का ते बघा. नसेल तर आपल्या वहीतली माहिती घालायची मागणी ग्रामसंघाच्या ठरावाने करा.

येत्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली की हा विषय घ्या. वहीचं पहिलं पान कोणत्या पदार्थाचं, आणि ते सांगायला कोणत्या आजींकडे जायचं, एवढं ठरलं तरी सुरुवात झाली.