कोरीव स्मृतिशिळांचा पुनर्वापर : नाशिक परिसरातील लेणी, वीरगळ आणि गॉटलंडमधील चर्च यांच्या संदर्भात

प्रस्तावना

येवल्याच्या उत्तरेस, मनमाडच्या वाटेवर अंकाई व टंकाई हे जोडकिल्ले आहेत. टंकाईच्या उतारावर, अंकाई गावालगत, साधारणतः ११व्या-१२व्या शतकातील जैन लेण्यांचा समूह आहे. त्यांपैकी एका लेण्यात समोरासमोर यक्ष व अंबिका यांच्या मोठ्या मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांतील अंबिकेला गावकऱ्यांनी भवानीचे रूप दिल्याचे १९व्या शतकातील सर्वेक्षणात नोंदविले गेले. मूर्ती तीच राहिली, जागाही तीच राहिली. बदलली ती तिची ओळख. जुन्या शिल्पाला नंतरच्या पिढीने दिलेला असा नवा अर्थ, नवी जागा किंवा नवे काम म्हणजे शिल्पाचा पुनर्वापर होय. मंदिरांच्या जीर्णोद्धाराचे प्रमाण वाढत असताना या विषयाकडे केवळ जिज्ञासेपोटी पाहून चालणार नाही.

उद्दिष्टे

१. कोरीव शिळांच्या पुनर्वापराचे प्रमुख प्रकार स्पष्ट करणे.
२. महाराष्ट्रातील उदाहरणांची गॉटलंड बेटावरील चित्रशिळांशी तुलना करणे.
३. पुनर्वापरित शिळांच्या नोंदणीची आवश्यकता विशद करणे.

वीरगळाचे स्वरूप

महाराष्ट्रात सर्वाधिक पुनर्वापर झालेली कोरीव शिळा म्हणजे वीरगळ. ‘गळ’ हा शब्द दगड या अर्थाच्या कन्नड ‘कल्’ शब्दाशी जोडला जातो. गायींचे रक्षण, गावावरील हल्ला किंवा राजाचे युद्ध अशा प्रसंगी मृत्यू आलेल्या वीराच्या स्मरणार्थ ही शिळा उभारली जाई. तिच्यावर सामान्यतः एकावर एक असे चौकटीवजा पट असतात. सर्वांत खालच्या पटात पडलेला वीर, त्यावर युद्धप्रसंग, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा हा क्रम आहे. माथ्यावर कलश व चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत कीर्ती टिकावी, हा त्यामागील भाव. सतीशिळेवर बांगड्या ल्यालेला, कोपरात वाकलेला हात ही मुख्य खूण असते.

बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. ज्या कुटुंबाने शिळा उभारली ते कुटुंब गाव सोडून गेले किंवा त्याची आठवण पुसली गेली, की शिळा अनामिक होते. तिच्या पुनर्वापराची सुरुवात येथूनच होते.

पुनर्वापराचे प्रकार

पहिला प्रकार उपयुक्ततेचा आहे. घडीव, सपाट आणि लांबट दगड आयता मिळत असेल तर गवंडी तो सोडत नाही. म्हणून मंदिराच्या जोत्यात, बारवेच्या पायऱ्यांत, गावकुसाच्या भिंतीत, ओढ्यावरील फरशीत आणि धुण्याच्या दगडांतही वीरगळ आढळतात.

दुसरा प्रकार श्रद्धेचा आहे. मारुतीच्या देवळापुढे किंवा पिंपळाच्या पारावर ओळीने मांडलेल्या शिळांना शेंदूर लावला जातो आणि वीराचे रूपांतर ग्रामदैवतात होते. वीर विसरला जातो. परंतु पूजा होत असल्यामुळे शिळा हलविण्यास कोणी धजावत नाही.

तिसरा प्रकार धर्मांतरित वास्तूचा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेणे क्र. १० हे क्षत्रप नहपानाच्या काळातील, इ.स. च्या २ऱ्या शतकातील बौद्ध विहार आहे. त्याच्या मागील भिंतीवरील उठावातील स्तूप पुढे खोदून तेथे भैरवाची आकृती घडविण्यात आली. लेणे क्र. ३ मध्ये असा स्तूप आजही शाबूत असल्यामुळे मूळ रचना कशी असावी याची कल्पना येते. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथे १६व्या शतकात पोर्तुगीज काळात शैव लेण्याचा चर्च म्हणून वापर झाला आणि वरच्या अंगास ख्रिस्ती मठाची इमारत उभी राहिली. तेथील भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आणि नटराजाचे शिल्प एकाच लेण्यात पाहावयास मिळतात.

या प्रकारांच्या सीमा नेहमीच स्पष्ट नसतात. दुसऱ्या धर्माच्या वास्तूत जुनी शिळा दिसली की त्यामागे अवमानच होता, असा तर्क तत्काळ केला जातो. काही ठिकाणी तो खराही असतो. मात्र शिळा दर्शनी भागात आहे की पायात गाडलेली, कोरीव बाजू बाहेर आहे की आत, शिल्प मुद्दाम छिनले आहे की केवळ झिजले आहे, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

गॉटलंडच्या चित्रशिळा

बाल्टिक समुद्रातील गॉटलंड या स्वीडिश बेटावरील परिस्थिती या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे इ.स. सुमारे ४०० ते ११०० या काळात चुनखडकाच्या स्मृतिशिळा उभारल्या गेल्या. अशा पाचशेहून अधिक शिळा व त्यांचे तुकडे ज्ञात आहेत. घोडेस्वार, शिडाची जहाजे, युद्धे आणि पाहुण्यास शिंगातून पेय देणारी स्त्री ही त्यांवरील दृश्ये आहेत. या स्त्रीचा अर्थ मृत वीराचे परलोकात होणारे स्वागत असा अनेक अभ्यासक लावतात. आपल्या वीरगळावरील अप्सरांशी तिचे साम्य लक्षणीय आहे. मात्र दोन्ही परंपरा स्वतंत्रपणे विकसित झाल्या.

ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारानंतर बेटावर नव्वदहून अधिक दगडी चर्च बांधले गेले. त्यांच्या फरशीत, भिंतीत व उंबरठ्यात जुन्या चित्रशिळा वापरल्या गेल्या. ब्रो येथील चर्चच्या भिंतीत त्या आजही दिसतात. आर्ड्रे येथील चर्चच्या फरशीखाली १९०० च्या सुमारास मिळालेल्या शिळांपैकी एकीवर ओडिन देवाचा आठ पायांचा घोडा कोरलेला आहे. ही शिळा आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. ज्या चर्चच्या बांधणीत या शिळांचा मूळ अर्थ संपला, त्याच चर्चने अनेक शिळा ऊनपावसापासून वाचविल्या. पुनर्वापर हा एकाच वेळी नाशही करतो आणि जतनही करतो, हे यावरून दिसून येते.

नोंदणीची आवश्यकता

पुनर्वापरित शिळेला दोन काळ असतात : ती कोरली गेली तो आणि ती पुन्हा बसविली गेली तो. शिळा संग्रहालयात नेली तर पहिला काळ टिकतो. परंतु जागेची नोंद न करता हलविल्यास दुसरा कायमचा नष्ट होतो. बोरिवलीजवळील एकसर येथील सहा वीरगळांपैकी काहींवर जहाजांच्या युद्धाची दृश्ये आहेत. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातील, इ.स. १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये या शिळांचे, त्यांवरील दृश्यांचे व त्या तळ्याकाठी उभ्या असल्याचे वर्णन आहे. त्या परिसरात आता शहर वाढले आहे. जुन्या परिसराचे चित्र उभे करण्यास ते वर्णनच उपयोगी पडते.

दुर्लक्षित शिळेचे मोल किती असू शकते, हे अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेखाने दाखविले. गावातील रस्त्याकडेला असलेल्या या लेखाचा काळ शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ (इ.स. १०१२) असा वाचला आणि तो मराठीतील आद्य शिलालेखांत गणला गेला.

आज धोका आक्रमणाचा नसून जीर्णोद्धाराचा आहे. जुने जोते काढताना वीरगळ भरावात जातात. ऑइलपेंटखाली शिल्पाचे बारकावे बुजतात. शिळांचा निम्मा भाग सिमेंटच्या कट्ट्यात गाडला जातो. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. तथापि ज्या शिळेची नोंदच नाही तिला कायद्याचे संरक्षण मिळणे कठीण असते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी शिळेचे स्थान, दिशा, मोजमाप, कोरीव बाजू आणि सभोवतालचे बांधकाम यांची छायाचित्रांसह नोंद करणे, तसेच ज्येष्ठ ग्रामस्थांकडून शिळेचे स्थानिक नाव व प्रथा विचारून घेणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे हे काम अल्प खर्चात करू शकतात.

निष्कर्ष

१. पुनर्वापर हा शिळेच्या इतिहासातील खंड नसून त्याच इतिहासाचा पुढील टप्पा आहे.
२. पुनर्वापरामागील हेतू शिळेची जागा, दिशा व अवस्था यांवरून ठरवावा लागतो. केवळ वास्तूच्या धर्मावरून तो ठरत नाही.
३. शेंदूर व पूजा यांनी अनेक शिळांचे रक्षण केले आहे. त्यामुळे संवर्धनाचे प्रयत्न ग्रामस्थांच्या श्रद्धेला विरोध करून नव्हे, तर ग्रामस्थांना सोबत घेऊन व्हावयास हवेत.
४. शिळा हलविण्यापूर्वी जागेवरील नोंद होणे अनिवार्य आहे. गावासाठी प्राण दिलेल्या अनामिक वीराची ती बहुधा एकमेव खूण असते.