ड्रायव्हर : चढत्या क्लबचा फटका

मागच्या लेखांकात आयर्नबद्दल लिहिताना 'आधी चेंडू, मग माती' हा नियम आपण पाहिला. क्लब खाली येत असतानाच चेंडूला भिडला पाहिजे, असा त्याचा अर्थ. ड्रायव्हर हातात घेतला की मात्र हा नियम बाजूला ठेवावा लागतो आणि हौशी खेळाडूचे घोडे नेमके इथेच पेंड खाते. आयर्नवर महिनोन्‌महिने घोटलेली सवय तो टी-बॉक्सवरही घेऊन येतो. चेंडू गवतावरून उचलून लाकडी टीवर ठेवलेला असतो, तरी क्लब त्याच्यावर वरून खाली कोसळतो. त्यात रविवारी रात्री तो टीव्हीवर पीजीए टूरचे पुरुष खेळाडू पाहतो आणि त्यांच्यासारखे मारायला जातो. माझे म्हणणे असे की ड्रायव्हर शिकायचा असेल तर त्याने एलपीजीएच्या महिला खेळाडूंकडे पाहावे. हे सौजन्यापोटी म्हणत नाही. आकडेच तसे सांगतात.

चेंडू आणि क्लब रडारने मोजणाऱ्या ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासऱ्या पाहू. पीजीए टूरवर ड्रायव्हरचा वेग ताशी 113 मैलांच्या आसपास होता आणि चेंडू हवेतूनच सुमारे 275 यार्ड जात होता. एलपीजीएवर वेग 94 मैल आणि हवेतले अंतर 220 यार्डांच्या आतबाहेर. चौदा-पंधरा हँडिकॅपच्या हौशी पुरुषाचा वेग किती? जवळपास 93 मैल. म्हणजे वेगाच्या बाबतीत तो त्या महिलांच्याच पंक्तीला बसतो. पण त्याचा चेंडू हवेत 204 यार्डच जातो. दोघांतला मोठा फरक क्लब कोणत्या कोनात चेंडूवर येतो, यात आहे. महिला खेळाडूचा क्लब सुमारे तीन अंश वर चढत असतो, तर हौशी पुरुषाचा दीड अंशाच्या आसपास खाली उतरत असतो. त्याच्या चेंडूला मिनिटाला 3,275 फेऱ्यांची फिरकी मिळते, तिच्या चेंडूला सुमारे 2,600.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. तिचा चेंडू क्लबच्या बरोबर मध्यावर लागतो, याचा टाचेला नाहीतर टोकाला; मग दोष कोनाला कशाला? मध्यावर न लागल्याने चेंडूचा वेग घटतो, हे खरेच. पण सगळा हिशेब तेवढ्याने मिटत नाही. दोघांचे चेंडू जवळपास सारख्याच कोनात, साधारण तेरा अंशांनी, हवेत उठतात. क्लब खाली उतरत असताना हा कोन मिळवायचा तर क्लबफेस जास्त उघडा, आकाशाकडे तोंड करून आणावा लागतो. मग टक्कर सरळ न होता तिरपी होते, आणि तिरप्या टकरीत वेगाचा काही भाग चेंडूला पुढे ढकलण्याऐवजी फिरकी देण्यात खर्च होतो. क्लब चढत असला तर तेवढीच उंची सरळ टकरीतून मिळते. थोडक्यात, मध्यावर अचूक लागलेला चेंडूही उतरत्या क्लबने मारला तर काही यार्ड गमावतोच.

दुसरा आक्षेप असा की पीजीए टूरच्या पुरुषांची सरासरीही शून्याखाली, साधारण एक अंश उतरती आहे. ते चुकतात का? नाही. ताशी 113 मैल वेग असलेल्याला थोडे अंतर सोडून दिशेवर पकड ठेवणे परवडते. शिवाय सरासरी म्हणजे सगळे नव्हेत. लांब मारण्यात वर्षानुवर्षे आघाडीवर असलेला रोरी मॅकिलरॉय चढत्या क्लबनेच मारतो. 93 मैलवाल्याकडे उधळायला वेग नाही, त्यामुळे ती चैनही नाही.

खरी अडचण तिसऱ्या आक्षेपात आहे, आणि शिकवणारे बरेचदा ती सांगतच नाहीत. क्लब फिरतो तो उभ्या वर्तुळात नव्हे, तिरप्या वर्तुळात. उजव्या हाताच्या खेळाडूचा क्लब त्या वर्तुळाच्या तळापर्यंत येताना खाली आणि उजवीकडे जात असतो; तळ ओलांडला की वर आणि डावीकडे. म्हणजे नुसता चेंडू पुढे ठेवून चढत्या क्लबने मारले की क्लबची वाट आपोआप डावीकडे वळते. ड्रायव्हरच्या बाबतीत ढोबळमानाने अंशाला अंश, असा हा हिशेब आहे. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे वळत झाडीत जातो, म्हणजे स्लाइस होतो, त्याची गत यामुळे आगीतून फुफाट्यात. चेंडू निघतो मुख्यतः क्लबफेसच्या दिशेने. पण फेसच्या मानाने वाट जितकी डावीकडे, तितका तो उजवीकडे वळतो. पण यावर उतरत्या क्लबकडे परत जाणे हा उपाय नव्हे. उजवा पाय थोडा मागे घ्यावा, खांदे लक्ष्याच्या किंचित उजवीकडे रोखावेत, म्हणजे सगळे वर्तुळच उजवीकडे फिरते आणि चढणीवर असलेली वाट सरळ होते. स्लाइसवाल्याला हे उफराटे वाटते. उजवीकडे जाणारा चेंडू पाहून तो डावीकडे रोख धरतो आणि वाट आणखी बिघडवतो.

आता चढता क्लब आणायचा कसा. हातांनी वर उचलून नव्हे, आणि वजन उजव्या पायावर टाकून मागे रेलूनही नव्हे. तसे केले की तळच मागे सरकतो आणि क्लब चेंडूआधी जमिनीत रुततो. झोका तळ ओलांडला की स्वतःच वर जातो, तसे हे आहे. तळ साधारण डाव्या खांद्याखाली येतो. चेंडू त्याच्या पुढे, डाव्या टाचेच्या रेषेत हवा. टी इतकी उंच की क्लब जमिनीवर टेकवल्यावर चेंडूचा निम्मा भाग त्याच्या वर दिसावा. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित दूर झुकलेला. फटक्यात वजन मात्र नेहमीसारखे डावीकडे गेलेच पाहिजे. झुकणे वेगळे आणि रेंगाळणे वेगळे. चेंडू कुठे लागतो हे पाहायला फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर पुरतो. मध्याच्या जरा वर खूण उमटली तर उत्तम, कारण तिथे लागलेल्या चेंडूला फिरकी कमी मिळते.

रेंजवर सराव करताना चेंडूंचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका टीच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, फूटभर अंतरावर आडवा ठेवावा आणि त्याला धक्का न लावता मारावे. खोका उडालाच, तर स्विंगमध्ये हात घालण्याआधी चेंडू अजून डाव्या टाचेसमोर आहे का, हे पाहावे. बहुतेकदा दहा-बारा फटक्यांत तो नकळत पुन्हा मधोमध आलेला असतो.