संकेतस्थळ लिहिण्याचे साधन : कोड एडिटर कसा निवडावा?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्या काळी आपले म्हणणे छापून लोकांपुढे ठेवावयाचे म्हणजे खिळे, छपाईयंत्र, शाई, कागद, टपालखर्च अशा सगळ्याची तजवीज करावी लागे, आणि पैशाअभावी पत्र चालविणे किती जड जात असे हे समाजबांधवांना सांगावयास नको. आज तेच काम संकेतस्थळावर करता येते. संकेतस्थळ लिहिण्याकरिता जे साधन लागते त्याला कोड एडिटर म्हणतात आणि त्यातील उत्तमांत उत्तम साधन फुकट मिळते. असे असूनही दहावी-बारावी झालेल्या मुलांचे पालक आम्हांस विचारतात की, अमुक एका शिकवणी वर्गात महागडा लॅपटॉप आणि विकतचे सॉफ्टवेअर घ्यावयास सांगितले आहे, तर पतपेढीतून कर्ज काढावे काय? या प्रश्नामुळेच हा लेख लिहावयास घेतला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, धंद्याने बँकेतील कारकून. तेव्हा हा विषय इंजिनिअरांचाच आहे, अशी भीती वाचकांनी बाळगू नये.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. संकेतस्थळाचे पान म्हणजे आतून पाहिले तर निव्वळ साधा मजकूर असतो. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, अशा खुणा मजकुराभोवती घातलेल्या असतात. त्यांना टॅग म्हणतात आणि त्या खुणांच्या भाषेला एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ही पद्धत घडविली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्व जगाला विनामूल्य खुली केली. साधा मजकूर लिहू शकणारे कोणतेही सॉफ्टवेअर या कामास चालते. विंडोजमधील नोटपॅडसुद्धा चालते.

चालत नाही ते वर्ड. पुष्कळ मुले येथेच अडखळतात. वर्डमध्ये अवतरणचिन्ह टाइप केले की ते आपोआप वळणदार होते. छापील पत्रावर ते सुरेख दिसते, पण एचटीएमएलला साधे, सरळ अवतरणचिन्ह लागते. वळणदार चिन्ह आले की दुव्याच्या पत्त्यातच ते मिसळते आणि दुवा उघडत नाही. मुलगा तासन् तास शोधतो, चूक डोळ्यांना दिसत नाही, आणि शेवटी "मला हे जमणार नाही" म्हणून सोडून देतो. दोष बुद्धीचा नसतो, साधनाचा असतो.

मग नोटपॅड असताना कोड एडिटर कशाला? कारण तो चूक दाखवितो. टॅग एका रंगात, मजकूर दुसऱ्या रंगात, अवतरणातील भाग तिसऱ्या रंगात दिसतो. अवतरण बंद करावयाचे राहिले की त्यापुढच्या ओळीच्या ओळी एकाच रंगात रंगतात आणि घोटाळा कोठे सुरू झाला ते लांबूनही कळते. समासात ओळींचे क्रमांक असतात, उघडलेला टॅग कोठे मिटला ते दिसते आणि एक शब्द सगळ्या फाइलींत एकदम शोधून बदलता येतो. एवढ्या चार गोष्टी ज्यात आहेत तो एडिटर चांगला. बाकीची सजावट नंतर पाहावी.

निवड करताना जाहिरात न पाहता आपल्या घरचा संगणक पाहावा. जुना, ४ जीबी रॅमचा विंडोज संगणक असेल तर आमचे मत नोटपॅड प्लस प्लस या एडिटरला आहे. डॉन हो यांनी २००३ साली तो प्रथम प्रसिद्ध केला. तो मोफत आहे, हलका आहे, चटकन उघडतो. लिनक्स असेल तर जिनी हा तसाच हलका एडिटर घ्यावा. ८ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम असेल तर व्हिज्युअल स्टुडिओ कोड खुशाल घ्यावा. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ साली आणला आणि तोही मोफतच आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२४ साली जगभरच्या प्रोग्रॅमरांची जी पाहणी केली तीत १०० पैकी ७० हून अधिक जण हाच एडिटर वापरीत असल्याचे आढळले. नोकरीच्या ठिकाणी बहुधा हाच समोर येईल, म्हणून त्याची ओळख असलेली बरी. मात्र तो आतून एका ब्राऊझरच्याच सांगाड्यावर उभा आहे. त्यामुळे रॅम जास्त खातो. लहान संगणकावर तो आणि त्याच्या शेजारी क्रोमच्या दहा खिडक्या उघडल्या तर यंत्र कण्हू लागते. तेव्हा लॅपटॉप बदलण्याआधी एडिटर बदलून पाहावा.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक घरांतील संगणक विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. असा संगणक भंगारात घालू नये. त्यावर लिनक्स टाकता येते, तेही मोफत, आणि वरील दोन्ही एडिटर, जिनी व व्हिज्युअल स्टुडिओ कोड, लिनक्सवर चालतात.

ज्यांच्याकडे केवळ मोबाईल आहे त्यांनीही थांबू नये. अँड्रॉइडवर एकोड नावाचा एडिटर मिळतो. आरंभीचे धडे त्यावर होतात. पण कंस, तिरप्या रेघा, अवतरणे अंगठ्याने टाइप करणे हे दिव्य आहे. विहाराच्या वाचनालयात एक सामायिक संगणक ठेवला तर या मुलांची मोठी सोय होईल. कार्यकारिणीने याचा विचार करावा. अशा सामायिक संगणकावर एडिटरमध्ये स्वतःच्या खात्याने प्रवेश केला असेल तर उठताना तो बंद करावा, आणि आपले काम पेनड्राइव्हवर घ्यावे.

विकतच्या साधनांपैकी सब्लाइम टेक्स्ट हा खरोखर चपळ एडिटर आहे. त्याचा वैयक्तिक परवाना ९९ डॉलरना पडतो. विद्यार्थ्याने तो घेण्याचे काहीच कारण नाही. विम या एडिटरचे नाव मात्र येथे मुद्दाम घेतो. नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ साली प्रसिद्ध केला. माउसशिवाय, केवळ कळफलकावर चालणारा हा एडिटर नवख्याला फार अवघड जातो. उघडल्यावर बंद कसा करावा हेच कळत नाही! पण मोलेनार यांनी त्याचे मोल मागितले नाही. हा एडिटर वापरणाऱ्यांनी युगांडातील गरजू मुलांसाठी यथाशक्ती दान द्यावे एवढीच विनंती त्यांनी केली, आणि ती एडिटर उघडताच पडद्यावर दिसते. ते स्वतः १९९४ साली युगांडात किबाले येथे पाणी व स्वच्छतेच्या कामावर राहिले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. दानपारमिता मानणाऱ्या आपल्या समाजाला ही माहिती असावी असे वाटले.

आता मराठीविषयी. हा भाग इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. फाइल नेहमी यूटीएफ-८ या पद्धतीने जतन करावी आणि पानाच्या डोक्यात तसे नमूद करावे. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ब्राऊझरने दुसरीच पद्धत गृहीत धरली तर 'धम्म' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची चित्रविचित्र माळ उमटते. २०१९ सालच्या सुधारणेपासून विंडोजचे नोटपॅडही यूटीएफ-८ च धरून चालते, पण त्याआधीच्या संगणकावर मराठी मजकूर जतन केला की सगळी प्रश्नचिन्हे होत. एडिटरच्या खालच्या पट्टीत पद्धतीचे नाव दिसते, तिकडे एकदा नजर टाकावी. दुसरे असे की, मजकुरात मराठी आकडे हवे तेवढे लिहा, पण रुंदी, उंची, अक्षराचा आकार सांगताना आकडे इंग्रजीच हवेत. तेथे मराठी १६ लिहिले तर ब्राऊझर ती सूचनाच सोडून देतो. फाइलींची नावेही इंग्रजी लहान अक्षरांत ठेवावीत. घरच्या विंडोजवर मोठे-लहान अक्षर एकच मानले जाते, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर असतात आणि तेथे ती दोन वेगळी नावे ठरतात. मग घरी दिसणारा बाबासाहेबांचा फोटो संकेतस्थळावर दिसत नाही.

एडिटरमध्ये जोडता येणाऱ्या भागांना एक्स्टेन्शन म्हणतात. ते हजारोंनी आहेत, आणि कोणीही ते तयार करून ठेवू शकतो. दोन-तीनच घ्यावेत. एडिटरदेखील त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यकही एडिटरमध्ये बसतात; गिटहब कोपायलट २०२१ साली आला, तेव्हापासून अनेक आले. आपण एक ओळ लिहावी, त्याने पुढच्या दहा लिहाव्यात. आमचे स्पष्ट मत असे की, नवशिक्या विद्यार्थ्याने पहिले दोन-तीन महिने तो बंद ठेवावा. त्याने लिहिलेल्यातील चूक ओळखण्याइतके ज्ञान आधी आले पाहिजे. मुलाखतीत समोरचा माणूस कागद पुढे करतो, तेव्हा साहाय्यक जवळ नसतो.

एडिटर येतात आणि जातात. अॅडोबीने ब्रॅकेट्सचा आधार १ सप्टेंबर २०२१ रोजी काढून घेतला. गिटहबचा अॅटम २०१४ साली मोठ्या कौतुकाने आला आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला. ज्यांनी त्यांत पाने लिहिली होती त्यांचे काय बुडाले? काही नाही. फाइली साध्या मजकुराच्या होत्या. दुसऱ्या एडिटरमध्ये उघडल्या आणि काम पुढे चालू.

आपल्या जुन्या स्मरणिकांचे तसे झाले नाही. १९९० नंतरच्या अनेक स्मरणिका श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये जुळविलेल्या आहेत. त्या पद्धतीत संगणक आत रोमन अक्षरेच साठवितो आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की धम्मदीक्षेच्या आठवणी, दिवंगत कार्यकर्त्यांचे परिचय, देणगीदारांच्या याद्या, सारे निरर्थक अक्षरांचे ढीग दिसतात. शोधयंत्रालाही त्यांतले एक नाव सापडत नाही. छापील प्रती जीर्ण होत आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनी एडिटर शिकून पहिले काम हेच घ्यावे, अशी आमची सूचना आहे.

त्या-त्या फॉन्टकरिता युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. रूपांतरानंतर ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये इकार अक्षराच्या आधी टाइप केला जाई. ती चूक सर्वत्र एकसारखीच असते. तेव्हा मूळ फाइलींची एक प्रत बाजूला ठेवून, बिघडलेले रूप एडिटरच्या शोधा-बदला सोयीने सर्व फाइलींत एकदम दुरुस्त करावे. उरलेल्यासाठी दोघांनी बसावे : एकाने छापील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहावे. माणसांची व गावांची नावे त्या काळच्या एखाद्या ज्येष्ठ सभासदास दाखवून घ्यावीत. ती कोणत्याही यंत्राला दुरुस्त करता येत नाहीत.