शिवेवरचा मणका

चिनू, पालथा झोप बघू. आता तुम्ही दोघं याच्या कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर पंजे ठेवा आणि अंगठे मधोमध कण्यावर टेकवा. लागला ना उंचवटा? हा कमरेचा चौथा मणका. साधारण चौथा! कमरेला सुई टोचून भूल देणारे डॉक्टरही असंच चाचपतात.

मानेत ७, फासळ्या धरणारे १२, कमरेत ५. त्याखाली ५ मणके एकजीव होऊन झालेली त्रिकास्थी, आणि तळाशी माकडहाड. मानेचा हिशेब भलता पक्का. जिराफाचीसुद्धा मान सातांचीच. (स्लॉथ आणि मॅनाटी तेवढे हट्टी, ते सात पाळत नाहीत.) पण कंबर आणि त्रिकास्थी यांच्या शिवेवर निसर्ग जरा सैल असतो. बांधावरचं शेत कुठल्या गावात धरायचं यावरून तंटे होतात ना, तसंच. कुणाच्या पाचव्या मणक्याचा आडवा फाटा रुंदावत जाऊन त्रिकास्थीला चिकटतो. मग मोकळे मणके चारच. कुणाचा त्रिकास्थीतला पहिलाच सुटा राहतो, मग सहा.

कुठला मणका कसा घडायचा, हे गर्भातच हॉक्स नावाची जनुकं सांगतात. २००३ साली अमेरिकेत डेनीन वेलिक आणि मारिओ कापेक्की यांनी उंदरांतली हॉक्स-१० जनुकं बंद केली, तर कमरेच्या मणक्यांनाही फासळ्या फुटल्या! हॉक्स-११ बंद केली, तर त्रिकास्थी झालीच नाही. तिथंही कमरेसारखेच मणके.

माणसांत असा शिवेवरचा मणका असला तरी बहुतेकांना जन्मभर पत्ता नसतो. काहींचा फाटा त्रिकास्थीला अर्धवट टेकतो, तिथं नको असलेला सांधा तयार होतो आणि कंबर ठणकते. १९१७ मध्ये इटलीच्या मारिओ बर्तोलोत्ती यांनी हा संबंध दाखवून दिला.

मला मात्र दुखण्यापेक्षा मोजणीची धास्ती जास्त वाटते. खालून मोजणारा ज्याला पाचवा म्हणेल, त्याला वरून मोजणारा सहावा म्हणेल. ऑपरेशन एका मणक्याने चुकायला तेवढं पुरे. म्हणून शंका आली की एमआरआयमध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजत येतात.

घरात कुणाच्या रिपोर्टवर ‘ट्रान्झिशनल’, म्हणजे हाच शिवेवरचा, मणका लिहिलेला दिसला, तर घाबरायचं नाही. कमरेचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारायचं: मणके कुठून मोजलेत?