घरातील दूरचित्रवाणी संच आणि त्याचा राखणदार

भारतात दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीहून झाले. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि मराठी कुटुंबांना आपल्या भाषेतील कार्यक्रम घरबसल्या दिसू लागले. परंतु ही सोय तेव्हा मोठ्या शहरांपुरतीच होती. खेड्यांपर्यंत हे साधन नेण्याचा पहिला मोठा प्रयोग 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्षभर चालला. एटीएस-6 या अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत कार्यक्रम दाखवण्यात आले, आणि त्या सहा राज्यांत आपला मध्य प्रदेशही होता. सुमारे तीन मीटर व्यासाची जाळीची छत्री उभारून चित्रे पकडली जात. संच सार्वजनिक जागी, बहुधा शाळेत किंवा पंचायतीत, ठेवलेला असे. तो लावणे, बंद करणे आणि कुलुपात ठेवणे हे काम गावातील एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवलेले असे.

आज चित्र पालटले आहे. धार आणि देवास येथील जुन्या मराठी वाड्यांपासून अमझेऱ्याच्या कौलारू घरांपर्यंत संच पोहोचला आहे. 2004 साली दूरदर्शनची विनामूल्य छत्रीसेवा सुरू झाल्यापासून तर दरमहा पैसे न भरताही कार्यक्रम पाहता येतात. मात्र एक गोष्ट हरवली. त्या काळी संपूर्ण गावात एक संच होता आणि त्याला एक राखणदार होता. आज घरोघरी संच आहे, पण राखणदार कोणीच नाही. दुकानातील माणूस संच लावून जातो, वडीलमंडळी बातम्या पाहतात, मुले खेळ पाहतात. परंतु तो नीट बसवला आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे असे कोणालाच वाटत नाही. शाळेत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी हे राखणदाराचे काम आपल्याकडे घ्यावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी लागणारे ज्ञान फार मोठे नाही. संचाची जागा, त्याची वीज, त्याची छत्री आणि त्याच्यापुढे बसणारी माणसे, एवढ्या चार गोष्टींचा विचार केला म्हणजे पुरे.

प्रथम जागेचा विचार करू. जुना काचनळीचा संच वजनदार असे आणि त्याचे बहुतेक वजन पुढच्या काचेत असे. आजचा संच चपटा आणि हलका आहे; 43 इंची संचाचे वजन साधारणतः 7 ते 10 किलो भरते. म्हणून तो निर्धोक आहे असे मानणे चुकीचे होईल. उंच, पातळ आणि अरुंद बैठकीवर उभी असलेली वस्तू थोड्याशा धक्क्याने कलंडते, हे गुरुत्वमध्याच्या धड्यात आपण शिकलोच आहोत. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा बैठकीच्या बाहेर गेली की वस्तू पडते. दोन-तीन वर्षांचे मूल पडद्यावरील चित्राला हात लावण्यासाठी कपाटाचे खण ओढून त्यांची पायरी करते, आणि संच व कपाट ही दोन्ही त्याच्या अंगावर येतात. असे अपघात जगात सर्वत्र घडले आहेत. त्यात मुले दगावलीही आहेत. म्हणून संच बुटक्या आणि रुंद टेबलावर, कडेपासून आत ठेवावा. त्याची पाठ पट्ट्याने भिंतीला बांधावी. आणि मुलाला हवेसे वाटेल असे खेळणे किंवा खाऊचा डबा संचावर अथवा त्याच्या वर कधीही ठेवू नये.

भिंतीवर टांगलेला संच मुलांच्या हाती लागत नाही हे खरे. पण त्याची सारी भिस्त भिंतीवर असते. संचाच्या पाठीवर चार छिद्रे असतात. त्यांतील अंतर ठरीव असते. 100, 200 किंवा 400 मिलिमीटर अशी मापे बहुधा आढळतात. त्या मापाची आणि संचाचे वजन पेलणारी चौकटच घ्यावी. स्क्रू केवळ गिलाव्यात रुतून चालत नाही, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये पुरेसा खोल गेला पाहिजे. माळव्यातील जुन्या घरांच्या भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असतात. त्या हातभर जाड असल्या तरी स्क्रू धरून ठेवत नाहीत. काही महिन्यांत भोक सैल होते. अशा घरात संच टेबलावर ठेवून बांधणे हेच शहाणपणाचे. नव्या घरात आणखी एक धोका असतो. विजेच्या तारा भिंतीच्या पोटातून जातात, आणि त्या बहुधा बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली उतरतात. त्या रेषेत भोक पाडू नये.

जागेबरोबर हवेचाही विचार हवा. संच चालू असताना तापतो आणि ती उष्णता पाठीमागच्या फटींतून बाहेर पडते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी संच कोनाड्यात घट्ट बसवला किंवा त्यावर भरतकामाचे आच्छादन घातले, तर ही उष्णता आतच कोंडते. चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा सोडावी. समई, उदबत्ती आणि पाण्याची फुलदाणी ही संचाजवळ नकोत.

आता विजेकडे वळू. आपल्या घरी येणारी वीज 230 व्होल्टची असते. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब का असते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? ती पिन जमिनीशी जोडलेली असते. लांब असल्यामुळे ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. म्हणजे उपकरणात वीज शिरण्यापूर्वीच संरक्षण सज्ज झालेले असते. बोर्डात बसत नाही म्हणून ही पिन कापून टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पहारेकऱ्याला घालवून दरवाजा रुंद करण्यासारखाच हा प्रकार! काही नव्या संचांना मात्र मुळातच दोन पिना असतात. त्यांच्या पाठीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह छापलेले असते. या संचांत विद्युतरोधकाचे दुहेरी आवरण असते, म्हणून त्यांना तिसरी पिन लागत नाही. तथापि कोणत्याही संचाला किंवा छत्रीच्या तारेला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर त्याकडे दुर्लक्ष न करता वायरमनकडून तपासणी करून घ्यावी.

तिसरी पिन जमिनीशी जोडली आहे असे आपण म्हणतो, पण ती खरोखर जोडलेली असते काय? याचे उत्तर घराबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात असते. कोकणातील जांभ्याच्या कातळात चांगले अर्थिंग मिळणे कठीण, कारण कोरडा कातळ वीज सहज वाहू देत नाही. माळव्याची काळी माती त्या मानाने उदार आहे. ती ओली असताना विजेला उत्तम वाट देते. परंतु हीच माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला रुंद भेगा पडतात. त्या वेळी पुरलेल्या नळीची किंवा पत्र्याची मातीशी असलेली मिठी सुटते. म्हणून मार्च महिन्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालावे. हे काम एखाद्या विद्यार्थ्याला सहज करता येण्यासारखे आहे. याच्या जोडीला मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअर गळतीला तुटणारे स्वयंचलित बटण बसवून घेतले, तर वीज माणसाच्या शरीरातून वाहू लागताच ती क्षणार्धात बंद होते.

विजेचा आणखी एक प्रकार खेड्यांत वारंवार दिसतो. एखाद्या रात्री काही घरांतील दिवे डोळे दिपतील इतके प्रखर होतात आणि शेजारच्या घरांतील दिवे मंद पडतात. खांबावरील न्यूट्रल तार तुटल्याची ही खूण समजावी. दोन फेजांमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटली की हा दाब घराघरांत विषम वाटला जातो, आणि ज्या घरात उपकरणे कमी चालू असतील त्या घरावर तो अधिक पडतो. अशा वेळी संचाचे बटण शोधत न बसता घराचे मुख्य बटण बंद करावे आणि वीज कंपनीला कळवावे. खांबाला मात्र कोणीही हात लावू नये.

संच बिघडला तरी त्याची पाठ घरी उघडू नये. आतील धारित्रात सुमारे 325 व्होल्टचा भार साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. अडगळीत पडलेला काचनळीचा जुना संच तर अधिक भयंकर. त्यातील नळीवर हजारो व्होल्टचा भार असतो आणि ती निर्वात असल्यामुळे फुटली तर काचा चहूकडे उडतात.

तिसरी गोष्ट छत्री. घराच्या छपरावर लोखंडी खांब आणि धातूची तबकडी उभी करताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : हा खांब कोणत्याही बाजूस आडवा पडला, तर विजेच्या तारेपर्यंत पोहोचेल काय? पोहोचत असेल, तर ती जागा सोडून द्यावी. छत्रीच्या खांबाला कपडे वाळत घालण्याची तार बांधण्याची पद्धत फार धोक्याची आहे. कोठेतरी एखादी उघडी तार त्या खांबाला लागली, तर ओले कपडे हातात घेऊन उभ्या असलेल्या आईच्या जिवाशी गाठ पडते. कौले ओली असताना छत्री फिरवण्यासाठी मुलांनी छपरावर चढू नये. एखादा कार्यक्रम चुकला तरी चालेल.

छत्रीला सर्वांत मोठे भय आकाशातील विजेचे. वीज पडून मृत्यू होण्याचे प्रमाण ज्या राज्यांत अधिक आहे, त्यांत मध्य प्रदेशाची गणना होते. वीज प्रत्यक्ष घरावर पडली नाही, जवळच्या खांबावर पडली, तरी तिचा लोट तारेतून आत येऊन संच जाळू शकतो. केवळ बटण बंद केल्याने तो थांबत नाही, कारण किलोमीटरभर हवा भेदून आलेल्या विजेला बटणातील बारीक फट म्हणजे काहीच नव्हे. म्हणून वादळाची चिन्हे दिसताच विजेचा प्लग आणि छत्रीची तार ही दोन्ही काढून ठेवावीत. मात्र गडगडाट जवळ आल्यावर तारांना हात लावू नये. संचापेक्षा जीव मोलाचा. वीज किती दूर आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. चमक दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, आणि ती आपल्यालाही गाठू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिद्ध केलेले 'दामिनी' नावाचे अॅप वडिलांच्या मोबाइलवर असेल, तर ही सूचना आधीच मिळू शकते.

राहता राहिली पाहणारी माणसे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या चित्रमालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात लाल आणि निळा प्रकाश काही सेकंद अतिशय वेगाने लुकलुकत होता. ते पाहून अनेकांना झटके आले, भोवळ आली, आणि सुमारे 685 जणांना रुग्णालयात न्यावे लागले; त्यांत बहुतेक मुले होती. असा त्रास सर्वांना होत नाही. ज्यांचा मेंदू लुकलुकत्या प्रकाशाने चटकन प्रक्षुब्ध होतो, त्यांनाच होतो. पण अंधाऱ्या खोलीत पडद्याला नाक लावून बसल्याने धोका वाढतो. म्हणून खोलीत दिवा असावा आणि पडद्यापासून निदान दोन मीटर अंतरावर बसावे. काही रिमोटमध्ये गोल, बटणासारखा सेल असतो. तो लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. त्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले असावे. आणि सेल गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एवढे करूनही संचातून धूर निघालाच, तर त्यावर पाणी ओतू नये. प्रथम मुख्य बटण बंद करावे, लहान मुले व वृद्ध यांना बाहेर काढावे, आग लहान असेल तर कोरडी वाळू किंवा माती टाकावी, आणि 112 या क्रमांकावर मदत मागावी.

विद्यार्थिमित्रहो, आज सायंकाळी घरी गेल्यावर संच लावण्यापूर्वी पाच मिनिटे त्याच्या भोवती फिरून पाहा. तो हलवल्यास डुलतो काय? त्याच्या पाठीला मोकळी हवा आहे काय? प्लगच्या तिन्ही पिना शाबूत आहेत काय? तार सतरंजीखालून किंवा दाराच्या फटीतून तर गेली नाही ना? छत्रीच्या खांबाला काय बांधले आहे? अर्थिंगचा खड्डा कोठे आहे, आणि त्यात शेवटचे पाणी कधी घातले? ज्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक येणार नाही, ते वडिलांना किंवा आजोबांना सांगा, आणि दुरुस्ती वायरमनकडूनच करून घ्या. त्यानंतर संच लावायला हरकत नाही.