वंचक बगळा आणि पिवळा बेडूक

मुळशी खोऱ्यात पाऊस लागला आणि भातखाचरे भरली, की दोन प्राणी नव्या पोशाखात दिसतात. एक वंचक बगळा, म्हणजेच ढोकरी. दुसरा मोठा बेडूक. एरवी दोघेही मातकट. चिखलात उभा असलेला वंचक दिसतच नाही. उडाला म्हणजे पांढरे पंख उघडतात आणि येथे पक्षी होता हे कळते. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना १८३२ साली याचे शास्त्रीय वर्णन केले.

विणीच्या दिवसांत वंचकाची पाठ गर्द तांबूस होते व डोक्यावर लांब पिसांचा तुरा येतो. नर बेडूक हळदीसारखा पिवळा होतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फुग्यांना निळा रंग चढतो.

परिणाम सारखा, पण रीत निराळी. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असते. त्याचा रंग आतून पालटत नाही. म्हणून वंचकाला नवी पिसे उगवावी लागतात व त्यास वेळ लागतो. बेडकाची कातडी मात्र जिवंत. तिच्यातील रंगपेशींवर शरीरातील स्रावांचा अंमल चालतो. रंग झटपट चढतो आणि थोड्याच दिवसांत उतरतो.

संसारही तसेच. वंचकाचे नरमादी दोघेही नटतात, झाडावर घरटे करतात आणि तीन-चार पिलांना दोघे मिळून भरवतात. बेडकांत नटतो तो नर. मादी साचलेल्या पाण्यात हजारो अंडी सोडते. पुढे त्यांचे त्यांनी पाहावे. त्यांतून निघालेली कित्येक पिले वंचकाच्याच चोचीत जातात. तरीही वंश टिकतो, तो संख्येच्या बळावर.

मात्र हे गणित बगळ्याच्या भुकेवर बसलेले आहे, माणसाच्या नव्हे. मादीला दिसावा म्हणून आलेला पिवळा रंग कंदिलाच्या उजेडात माणसालाही दिसतो, आणि ओरडणारा नर अंडी घातली जाण्याआधीच पोत्यात जातो. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली. खाचरांतले किडे खाणारा हा प्राणी नाहीसा होत होता, हे त्याचे एक कारण. निर्यात थांबली, तरी आपल्या बांधावरची गोष्ट आपल्याच हाती आहे. पहिल्या पावसाचे ते थोडे दिवस बेडकाला हात लावू नये आणि साचलेले डबके बुजवू नये. बेडकाची सारी वर्षाची बेगमी त्या दिवसांतच होते, आणि वंचकाची शिदोरीही त्याच पाण्यात असते.